रशियातील जुन्या शिरगणतीवरून वंशावळ : १८९७ च्या मागे कसे जावे?

काशिनचा जावई

नमस्कार मंडळी. माझी पत्नी मॉस्कोची. परंतु तिच्या वडिलांचे मूळ घराणे त्वेर गुबेर्नियातील काशिन उयेज्दमधले, म्हणजे आपल्या भाषेत त्वेर प्रांतातील काशिन तालुक्यातले, शेतकरी घराणे आहे. (चौल-रेवदंड्याला पंधराव्या शतकात येऊन गेलेला व्यापारी अफनासी निकितिन त्वेरचाच होता, हे सासुरवाडीत मी मोठ्या अभिमानाने सांगितले, तेथे ते सर्वांना आधीच ठाऊक होते.) पत्नीच्या पणजोबांचा एक जुना दाखला घरात सापडला असून त्यावर जन्मसाल १८९३, तसेच गाव, व्होलोस्त (उयेज्दमधला गावांचा गट) आणि उयेज्द यांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. त्याच्या मागे घराण्याची काहीच माहिती कोणाजवळ नाही.

१८९७ साली संपूर्ण रशियन साम्राज्याची शिरगणती झाली होती आणि त्याआधी, १८५८ पर्यंत, जवळजवळ एकशे चाळीस वर्षे रेविझिया नावाच्या याद्या होत असत, एवढे वाचून मला समजले. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्वेरच्या रेविझिया याद्यांची सूची आहे असे कळल्यावर मी तेथे पत्नीचे माहेरचे आडनाव घालून शोध घेतला. त्या आडनावाची शेकडो माणसे निघाली, परंतु आमच्या गावात त्यांपैकी एकही नाही. तेव्हा माझ्या शंका अशा आहेत : १८९७ चे घराघराचे अर्ज कोठे पाहायला मिळतात, रेविझिया याद्यांत आडनावाने शोधणे मुळात योग्य आहे का, आणि पुण्यात बसून, छापील रशियन बऱ्यापैकी वाचता येत असताना परंतु हस्ताक्षराची सवय नसताना, यातले कितपत साधेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

दप्तरी

आपला प्रश्न नेमका असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी १८९७ विषयी. जुन्या दिनदर्शिकेनुसार २८ जानेवारी १८९७ (आजच्या गणनेनुसार ९ फेब्रुवारी) हा दिवस धरून झालेली ही साम्राज्याची पहिली आणि शेवटची सार्वत्रिक शिरगणती. सुमारे साडेबारा कोटी लोक मोजले गेले आणि त्यांची बेरीज करण्यासाठी अमेरिकेतील हर्मन हॉलरिथ यांची छिद्रे पाडलेली पत्रे मोजणारी विद्युत यंत्रे वापरण्यात आली. प्रत्येक माणसाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, विवाहस्थिती, वर्ग, जन्मस्थान, धर्म, मातृभाषा, साक्षरता आणि व्यवसाय असा तपशील अर्जात होता. दुसऱ्या निकोलाय झारने आपल्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ‘रशियन भूमीचा धनी’ असे लिहिल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. वंशावळीसाठी याहून उत्तम कागद कोणता असणार? अडचण अशी की अर्जांच्या दोन प्रतींपैकी जी पीटर्सबर्गला गेली ती आकडे काढून झाल्यावर नष्ट करण्यात आली आणि जी प्रांतात राहिली ती मोजक्याच ठिकाणी टिकली. तोबोल्स्क आणि अर्खांगेल्स्क येथील अभिलेखागारांत, तसेच एस्टोनिया व लाटव्हियात बरेच अर्ज शिल्लक आहेत. इतरत्र कोठे एखाद्या उयेज्दचे, कोठे एखाद्या शहराचे. म्हणून त्वेरच्या राज्य अभिलेखागाराची संग्रहसूची एकदा जरूर पाहावी, परंतु सगळा शोध या एका कागदावर टांगून ठेवू नये.

आता रेविझिया. या याद्यांना आपण शिरगणती म्हणत असलो, तरी त्यांचा हेतू लोक मोजणे हा नव्हताच. दरडोई कर कोणाकडून किती यायचा हे ठरवणे हा होता. पीटर द ग्रेटच्या २६ नोव्हेंबर १७१८ च्या हुकुमाने हे काम सुरू झाले आणि १७२४ मध्ये दर पुरुषामागे ७४ कोपेक (शंभर कोपेकांचा एक रूबल) असा कर बसला. करासाठी तान्हे बाळ आणि म्हातारा दोघेही सारखेच ‘पुरुष जीव’ होते, आणि एका यादीपासून पुढच्या यादीपर्यंत मेलेल्याचाही कर गावाला भरावा लागे. अशा दहा रेविझिया झाल्या : पहिली १७१९ पासून, मग १७४० च्या दशकात दुसरी, १७६० च्या दशकात तिसरी, १७८२ ला चौथी, १७९५ ला पाचवी, १८११ ला सहावी, १८१५–१६ ला सातवी, १८३४ ला आठवी, १८५० ला नववी आणि १८५७–५८ ला दहावी व शेवटची. प्रत्येकीचे काम काही ठिकाणी बरेच लांबले, त्यामुळे कागदावरची तारीख वर्ष-दोन वर्षे पुढची दिसली तर गोंधळून जाऊ नये.

हा करवसुलीचा कागद आहे हे लक्षात ठेवले की यादीत काय सापडेल आणि काय सापडणार नाही याचा उलगडा आपोआप होतो. सरदार-उमरावांवर कर नव्हता, म्हणून ते यात नाहीत. पहिल्या दोन याद्यांत साधारणपणे स्त्रिया नाहीत, कारण त्यांच्यावर कर नव्हता. तिसरीपासून त्या येतात आणि १८११ च्या सहाव्या यादीतून पुन्हा गायब होतात. त्यामुळे त्या साली पणजीची आई शोधत बसणे व्यर्थ आहे. याद्या आडनावांच्या क्रमाने नव्हे, तर कर भरणाऱ्या गटाच्या क्रमाने लावलेल्या आहेत : जमीनदाराच्या भूदासांची, म्हणजे त्याच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, यादी जमीनदाराच्या नावाखाली, सरकारी शेतकऱ्यांची व्होलोस्त आणि गावाखाली, शहरातील मेश्चान्ये म्हणजे सामान्य नागरिकांची शहराखाली, व्यापाऱ्यांची वेगळी.

आपला आडनावाचा शोध का फसला ते यावरून कळेल. १८५८ पर्यंत मध्य रशियातील बहुसंख्य भूदासांना लेखी आडनाव नसे. यादीत ‘इवान पेत्रोव’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ प्योत्रचा मुलगा इवान एवढाच. त्याच्या मुलाची नोंद ‘स्तेपान इवानोव’ अशी होते आणि नातवाची ‘निकिता स्तेपानोव’ अशी. सूची तयार करणारे हेच पितृनाव आडनावाच्या रकान्यात टाकतात, म्हणून आपल्याला शेकडो माणसे मिळाली आणि आपले मात्र कोणीच मिळाले नाही. घराण्याचे आजचे आडनाव बहुधा १८६१ च्या भूदासमुक्तीनंतर, कधी लष्करभरतीच्या वेळी, कधी गावातल्या टोपणनावावरून पक्के झालेले असते. प्रत्येकाला ठरावीक आडनाव असलेच पाहिजे असे सेनेट या साम्राज्याच्या वरिष्ठ सरकारी मंडळाने १८८८ मध्ये बजावले, यावरूनच तोवर किती सैलपणा होता ते समजते.

तेव्हा आपला धागा आडनाव नसून गाव, मालक आणि बाप-लेकांची नावे हा आहे. गाव खासगी होते की सरकारी हे ठरवण्यासाठी सरकारने छापलेल्या वस्त्यांच्या याद्या आहेत; त्वेर गुबेर्नियाचा खंड १८५९ च्या माहितीवर १८६२ मध्ये निघाला असून तो जालावर सहज मिळतो. त्यात गाव, घरांची संख्या आणि ते मालकीचे की सरकारी हे दिलेले असते. एकाच नावाची चार-पाच गावे एकाच उयेज्दमध्ये असणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून नदी आणि शहरापासूनचे अंतरही जुळवून पाहावे.

व्होल्गाकाठ

दप्तरींनी लिहिलेले मध्य रशियाला लागू आहे. साम्राज्याच्या कडेला चित्र बरेच वेगळे दिसते. इतर वाचकांसाठी थोडी भर घालतो.

मी कॅनडात राहतो. माझ्या सुनेचे पूर्वज व्होल्गा नदीकाठच्या जर्मन वसाहतींतले, म्हणजे महाराणी कॅथरीनने १७६३ मध्ये जाहीरनामा काढून बोलावलेल्या लोकांपैकी. या लोकांना आडनावे पहिल्यापासून होती, त्यामुळे त्यांच्या याद्यांत आडनावाने शोधता येते. १७९८ ची वसाहतींची यादी तर विलक्षण आहे : तीत विवाहित स्त्रियांची माहेरची आडनावेही दिली आहेत. १८११ ची यादी मात्र येथेही पुरुषांचीच. १८३४, १८५० आणि १८५७ च्या याद्यांतून माणसे एका वसाहतीतून दुसरीत कधी गेली तेही कळते, आणि अमेरिका-कॅनडातील वंशजांनी यांपैकी कित्येक याद्यांची भाषांतरे करून ठेवली आहेत.

बाल्टिक प्रांतांत आणखी सोय आहे. एस्टोनियाचे ‘सागा’ आणि लाटव्हियाचे ‘रादुराक्स्ती’ या संकेतस्थळांवर याद्यांच्या मूळ पानांची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात, आणि तिकडच्या बऱ्याच याद्या जर्मन भाषेत आहेत. लिव्होनियातील (आजच्या एस्टोनिया-लाटव्हियाच्या काही भागातील) शेतकऱ्यांना आडनावे १८२० च्या दशकात दिली गेल्यामुळे १८२६ व १८३४ च्या याद्यांत ती मिळतात, १८१६ च्या यादीत नाहीत. रशियाच्या अंमलाखालील पोलंडच्या राज्यात रेविझिया झाल्याच नाहीत. तेथे हा मार्गच बंद.

मोडीवाचक

हस्ताक्षराच्या शंकेवर लिहितो, कारण बहुतेक जण तेथेच हात टेकतात. छापील देवनागरी येणाऱ्याला मोडी कागद समोर आल्यावर जे वाटते, तेच आधुनिक रशियन येणाऱ्याला अठराव्या शतकातील लिखाण पाहून वाटते : अक्षरे जोडलेली, काही ओळीच्या वर चढवलेली, शब्द तोडून लिहिलेले. परंतु १८३४ नंतरच्या याद्या पुष्कळ सुवाच्य असतात. कारकुनाचे अक्षर नेटके, रकाने ठरलेले आणि शब्दसंग्रह लहान. १९१८ च्या लेखनसुधारणेत गेलेली तीन-चार अक्षरे आणि शब्दांच्या शेवटी येणारे कठोरचिन्ह ओळखू आले की पान हळूहळू उलगडते. म्हणून सुरुवात १८५८ पासून करावी आणि मागे मागे जावे. १७८२ च्या पानाला थेट हात घालू नये. यांडेक्स या रशियन शोधयंत्राची अभिलेखागार-शोध सेवाही आता जुने हस्ताक्षर यंत्राने वाचते. तिचे वाचन ताडून पाहायला उत्तम आहे, त्यावर विसंबायला नाही.

नावांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. चर्चच्या वहीत जी ‘येव्दोकिया’ असते ती यादीत ‘अव्दोत्या’ होते, ‘क्सेनिया’ची ‘अक्सिन्या’, ‘ग्लिकेरिया’ची ‘लुकेर्या’. त्या दोन वेगळ्या बायका समजून घराण्यात एक सून वाढवणारे मी पाहिले आहेत.

दप्तरींशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. दहावी रेविझिया १८५८ ची आणि आपला दाखला १८९३ च्या जन्माचा. मध्ये पस्तीस वर्षांची दरी आहे. गाव आणि मालक सापडला म्हणून ती उडी मारून पलीकडे जाण्यात मोठा धोका आहे, कारण त्या गावात इवान आणि प्योत्र नावाची दहा-बारा माणसे असणारच. आधी ही दरी चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्यांनी, म्हणजे मेत्रिकांनी, भरून काढली पाहिजे. १८९३ ची जन्मनोंद घ्यावी, तीत आई-वडिलांची नावे मिळतील. मग त्या वडिलांची विवाहनोंद पाहावी. तीत वय असते, त्यावरून जन्मसालाचा अंदाज येतो. या नोंदी आता शंभर वर्षांहून जुन्या असल्यामुळे नागरी नोंदणी कार्यालयाकडे नव्हे, तर राज्य अभिलेखागाराकडे मागाव्या लागतात. शिवाय कबुलीजबाबाच्या वह्या आहेत : दरवर्षी चर्चमध्ये पापनिवेदनाला कोण आले आणि कोण नाही याची घरवार यादी. त्यात बायका, मुले, म्हातारे सर्व असतात आणि दोन रेविझियांच्या मधली वर्षेही. १८७४ मध्ये सक्तीची लष्करसेवा आल्यावर व्होलोस्तमध्ये कुटुंबवार याद्या ठेवल्या गेल्या, आणि १९१७ च्या कृषिगणनेची घरवार पत्रे अनेक प्रांतांत शिल्लक आहेत. १९१७ च्या पत्रावर आपले पणजोबा चोवीस वर्षांचे तरुण म्हणून, किंवा सैन्यात गेलेला मुलगा म्हणून, वडिलांच्या घरात दिसण्याची चांगली शक्यता आहे.

पुण्यात बसून साधेल का, हे विचारलेत. सूची आणि छायाचित्रे पाहणे साधेल. अभिलेखागाराकडून उतारा मागवायचा झाल्यास पैसे पाठवणे ही खरी अडचण आहे, कारण मार्च २०२२ पासून बाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड कार्डे तेथे चालत नाहीत. आपली सासुरवाडी मॉस्कोत आहे, तेव्हा शुल्क तिकडून भरणे सोपे.

काशिनचा जावई

सर्वांचे मनापासून आभार. मोडीवाचक यांच्या सल्ल्याप्रमाणे मेहुण्याने मॉस्कोहून १८९३ ची जन्मनोंद आणि मागची विवाहनोंद मागवली. त्यावरून पणजोबांचे आजोबा वासिली पेत्रोव, १८३० च्या आसपास जन्मलेले, एवढे निश्चित झाले. १८६२ च्या वस्त्यांच्या यादीत गाव मालकीचे निघाले. भूदासांचे दोन मालक होते. त्यांपैकी एकाच्या नावाखाली १८५० ची यादी आहे आणि तिच्या एका पानावर आमचे घर असावे असे दिसते. ते असे आहे.

डाव्या पानावर पुरुष : येफिम इवानोव, मागील रेविझियाच्या वेळी ५२, मृत्यू १८४३. त्याचा मोठा मुलगा प्योत्र, मागील वेळी २७, आता ४३. प्योत्रचा मुलगा वासिली, मागील वेळी ३, आता १९. प्योत्रचाच दुसरा मुलगा निकिता, मागील वयाच्या रकान्यात ‘नवजात’, आता ९. येफिमचा दुसरा मुलगा आन्द्रेय, मागील वेळी २०, पुढे ‘१८३९ मध्ये रिक्रूट’ आणि शेवटचा रकाना रिकामा.

उजव्या पानावर स्त्रिया : प्योत्रची बायको अव्दोत्या, ३३. तिची मुलगी मार्या, ६. बस्स, एवढेच.

तीन गोष्टी समजत नाहीत. नऊ वर्षांचा मुलगा नवजात कसा? येफिमची बायको कोठे गेली? आणि अव्दोत्या ३३ वर्षांची असताना तिचा मुलगा १९ वर्षांचा, म्हणजे चौदाव्या वर्षी बाळंतपण, हे मला पटत नाही.

दप्तरी

उत्तम पान सापडले आहे. मेत्रिकांचा आग्रह धरण्यात मोडीवाचक यांचे बरोबर होते. त्यांच्याशिवाय या वासिलीवर बोट ठेवता आले नसते.

‘नवजात’ हा शब्द मागील यादीच्या संदर्भात आहे. १८३४ च्या यादीनंतर जन्मलेल्या मुलाला मागचे वय नसतेच, म्हणून त्या रकान्यात तसे लिहितात. खरे वय शेवटच्या रकान्यातले, ९.

येफिमच्या बायकोचे उत्तर रकान्यांतच आहे. पुरुषांच्या पानावर मागचे वय, गेला कधी आणि आता हजर असे तिन्ही हिशोब असतात, कारण प्रत्येक वजा झालेल्या पुरुषाचा जाब सरकारला द्यावा लागे. स्त्रियांच्या पानावर मागचे वय नाही. आज हजर असलेल्या किंवा तात्पुरत्या बाहेरगावी गेलेल्या स्त्रियांचीच नोंद. येफिमची बायको १८५० पूर्वी वारली असल्यास ती या पानावर कोणत्याही खुणेविना नाहीशी होते, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीही तशाच. त्यांच्यासाठी १८३४ ची यादी उघडावी लागेल. तेथे ती जिवंत असल्यास नावानिशी आणि वयानिशी सापडेल.

अव्दोत्याविषयी आपला संशय रास्त आहे. ती प्योत्रची दुसरी बायको असण्याची शक्यता मोठी आहे. कारकून कधी कधी नावापुढे ‘दुसरी’ असे लिहितो, तो शब्द पानावर नीट शोधावा; नसला तरी १८३४ च्या यादीत प्योत्रची तेव्हाची बायको पाहावी. तेथे अव्दोत्या १७ वर्षांची निघाली तर तीन वर्षांच्या वासिलीची आई तीच मानावी लागेल, निदान वयाच्या नोंदीत घोळ आहे का ते पाहावे लागेल; दुसरेच नाव निघाले, उदाहरणार्थ पंचवीस-सव्वीस वर्षांची कोणी मार्फा, तर वासिलीची आई ती, आणि निकिताची आई कोणती हे मेत्रिकांवरूनच ठरेल. वये दोन-तीन वर्षांनी पुढे-मागे असतात हेही ध्यानात असू द्या.

१८३४ ची यादी काढताना दोन्ही मालकांची नावे पाहावीत. दोन रेविझियांच्या मध्ये जमीन विकली गेली, हुंड्यात गेली किंवा भावांत वाटली गेली, तर तेच घर वेगळ्या मालकाच्या यादीत गेलेले असते. कुटुंबाचा मागील यादीतला क्रमांक बहुतेक पानांवर पहिल्या रकान्यांत दिलेला असतो. तो टिपून ठेवलात तर शोध फार सोपा होईल. आणखी मागे, १७८२ किंवा १७९५ पर्यंत पोहोचलात, तर एक वेगळीच देणगी मिळेल : त्या काळच्या याद्यांत पुष्कळदा बायको कोणत्या गावातून, कोणाच्या जमिनीवरून आणली आणि मुलगी कोठे दिली हेही लिहिलेले असते. १८३४ नंतर हा तपशील जवळजवळ नाहीसा होतो. पहिल्या दोन रेविझिया मात्र त्वेरला नव्हे, मॉस्कोतील प्राचीन कागदपत्रांच्या राज्य अभिलेखागारात पाहाव्या लागतील. सासरची मंडळी तेथेच आहेत हे सोयीचे.

राहिला आन्द्रेय. १८३९ मध्ये रिक्रूट झालेला माणूस गावाच्या करातून कायमचा वजा झाला. जगून परतला असला तरी तो पुन्हा भूदास होत नसे, त्यामुळे १८५८ च्या यादीत त्याला शोधू नये. त्याचा मागोवा मॉस्कोतील लष्करी इतिहासाच्या राज्य अभिलेखागारात लागू शकतो, परंतु त्यासाठी त्याची पलटण माहीत हवी, आणि ती या यादीत कधीच नसते. त्याचे लग्न भरतीपूर्वी झाले असल्यास त्याची बायको मेत्रिकांत ‘सैनिकाची बायको’ अशा ओळखीने येते. त्या भागातील १८३९ नंतरच्या जन्म आणि मृत्यूच्या नोंदींत हे शब्द दिसले तर ते पान बाजूला काढून ठेवा. आणि प्रत्येक पानाचा फोंद (संग्रह), ओपिस (सूची), देलो (बाड) आणि पानाचा क्रमांक, पाठची बाजू असल्यास तसा उल्लेख करून, छायाचित्राच्या नावातच लिहीत चला. पुढच्या वेळी मेहुण्यांना तेच बाड मागवायचे झाल्यास हे चार आकडेच विचारले जातील.